भ्रांत श्रद्धेची किंमत आणि शेख महंमद

मराठी संतसाहित्याच्या इतिहासात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा उल्लेख बहुधा एका ठरावीक वाक्यात उरकला जातो : मुसलमान असूनही त्यांनी मराठीत भक्तिकाव्य रचले. या ‘असूनही’मुळे त्यांचे कौतुक होते, पण त्यांचे म्हणणे हरवते. हिंदू-मुसलमान ऐक्याचे प्रतीक ते पुढे ठरले; त्याआधी ते श्रद्धेचे कठोर परीक्षक होते. खोटी श्रद्धा माणसाच्या अंतरंगातून नेमके काय हिरावून नेते, हा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाची मुळे भागवत संप्रदायात जितकी आहेत, तितकीच इस्लामी शिकवणुकीतही आहेत. या दुसऱ्या मुळाकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

इस्लाममध्ये ‘अकीदा’ म्हणजे अंतःकरणात दृढ बसलेली श्रद्धा. ती कर्माच्या आधी येते. ईश्वराशी दुसऱ्या कोणाला भागीदार ठरवणे म्हणजे ‘शिर्क’, आणि शिर्काने केलेली कर्मे व्यर्थ जातात, असे कुराण बजावते. शिक्षेची भीती तर त्यात आहेच. पण साहित्याच्या वाचकाला थांबवतात त्या तेथील प्रतिमा. ‘नूर’ या सूरहमध्ये सत्य नाकारणाऱ्यांच्या कर्मांना मृगजळाची उपमा दिली आहे : तहानलेला पाणी समजून जवळ जातो आणि तेथे काहीच नसते. ‘अन्कबूत’ सूरहमध्ये ईश्वराला सोडून इतरांचा आसरा घेणाऱ्याला घर बांधणाऱ्या कोळ्याची उपमा आहे. सर्वांत दुबळे घर त्याचेच. म्हणजे श्रम झाले, चालणे झाले, बांधणेही झाले. पण तहान तशीच राहिली आणि आसरा टिकला नाही. भ्रांत श्रद्धेची आध्यात्मिक किंमत ती हीच.

ही भ्रांती केवळ अडाण्यांची असते असेही नव्हे. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या उपासनेला ‘रिया’ म्हणतात, आणि हदीसमध्ये तिला छोटा शिर्क म्हटले आहे. बाहेरून सर्व बिनचूक, आत मात्र ईश्वराच्या जागी लोकांची नजर बसलेली. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातील मानाचे अध्यापन सोडले, त्यामागे हीच जाणीव होती : आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नसून कीर्तीसाठी. आपल्यासारख्या अध्यापकांना तर हा प्रसंग विशेष जवळचा वाटावा.

या पार्श्वभूमीवर शेख महंमद वाचले की त्यांच्या ओवीतील धार उमगते. चांद बोधले हे त्यांचे गुरू; आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा सांगते. १६४५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘योगसंग्रामा’त आत्म्याने विकारांशी मांडलेल्या युद्धाचे रूपक आहे. मराठी वाचकाला त्यात षड्रिपू दिसतात. सूफी परंपरेतील ‘नफ्स’शी, म्हणजे स्वतःच्या वासनामय ‘मी’शी चाललेला झगडाही तेथेच दिसावा. ‘निष्कलंकप्रबोधा’त क्षुद्र देवतांपुढील पशुबळी आणि दांभिक गुरू यांच्यावर ते तुटून पडतात. दंभ कोणत्या धर्माचा आहे, हे पाहून ते सवलत देत नाहीत. स्वतःला ‘अविंध’ म्हणवणारा हा कवी दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर उभा राहून दोन्हीकडे बोट दाखवतो.

त्यांचा रोख सौद्यावर आहे. ‘इतके दे, म्हणजे इतके अर्पण करीन’ असे म्हटले की उपास्य व्यापारी होतो आणि उपासक गिऱ्हाईक. आमच्या वऱ्हाडात, हिवरखेडपासून पातूरपर्यंतच्या मुलखात, नवस आणि मन्नत हे शब्द शेजारी शेजारी नांदतात. देवळात नवस बोलणारा माणूस दर्ग्यात मन्नतही मागतो. या नांदण्यातील माणुसकी मोलाचीच आहे. तरी सौदा दोन ठिकाणी केला म्हणून तो भक्ती होत नाही. विसाव्या शतकात याच भूमीतून निघालेल्या गाडगेबाबांनी देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली, ती याच किमतीचा हिशेब मांडत.

येथे एक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. कोणती श्रद्धा खोटी, हे ठरवायचे कोणी? दर्ग्यात ईश्वराकडे मागावे की वलीकडे, यावर मुसलमान विद्वानांतच दीर्घ वाद आहे. आणि ओवीतून योगाची भाषा बोलणारे शेख महंमद स्वतःच एखाद्या कर्मठाला संशयास्पद वाटले असते! हा शिक्का दुसऱ्यावर मारण्याचे हत्यार झाला, की मारणाऱ्याच्याच अंतःकरणात गर्व शिरतो. रियाचाच तो एक अवतार. म्हणून शेख महंमदांचा संग्राम आतला आहे. शत्रूची छावणी त्यांना शेजाऱ्याच्या घरात सापडत नाही.

१९५९ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी ‘योगसंग्राम’ संपादून प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही संहिता अभ्यासकांच्या हाताशी आहे. वर्गात ती शिकवताना सहिष्णुतेचा धडा अवश्य द्यावा. पण विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न मोकळा सोडावा : मी ज्याला श्रद्धा म्हणतो, तिने माझी तहान भागते का? शेख महंमदांना मानाचे पान देऊन हा प्रश्न गाळला, तर त्यांचा गौरव तेवढा उरेल आणि त्यांची वाणी जाईल.