उपासमारीकडून फुटाण्यांकडे : मधल्या वेळच्या खाण्याचा इतिहास

आजचा विषय वरवर अगदी घरगुती आहे. पथ्य सुरू केलं की सकाळ निभते, दुपारचं जेवणही निभतं. पंचाईत होते ती संध्याकाळी चारच्या सुमाराला. चहाबरोबर खायचं काय? रक्तातली साखर भसकन चढू नये आणि तोंडालाही बरं लागावं, असं काही असतं का? हा प्रश्न आपण एरवी डॉक्टरांना विचारतो. आज तो इतिहासाला विचारू. कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मिळाल्यामुळे माणसं अक्षरशः उपाशी मेली आहेत.

सुरुवात आपल्याकडून करू. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाचं मुख्य अन्न सांगितलंय ते जव. जवाचा भात, जवाच्या पिठाचे पदार्थ आणि जोडीला मूग. सुश्रुत तर त्याच्याही पुढे जाऊन सांगतो की, गरीब रुग्णाने अनवाणी दूरवर चालावं, विहीर खणावी. म्हणजे बघा, हा आजार खाण्याशी आणि हालचालीशी जोडलेला आहे, ही समज जुनी आहे. आणि खायला अजिबात देऊ नका असं इथे म्हटलेलं नाही. वेगळं धान्य खा, असं म्हटलंय.

युरोपात वाट वेगळी झाली. 1776 मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी दाखवून दिलं की, मधुमेह्याच्या लघवीतला गोडवा साखरेचा असतो. साखर बाहेर पडतेय, तर मग ती आत जाऊच द्यायची नाही, असा विचार सुरू झाला. 1797 मध्ये जॉन रोलो यांनी जवळजवळ सगळा मांसाहारच असलेलं पथ्य सांगितलं. 1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला आणि अन्नाची टंचाई झाली, तेव्हा बूशार्दा या डॉक्टरांच्या लक्षात आलं की, आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झालीये. टंचाई हेच औषध ठरलं!

हा विचार टोकाला नेला अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्यांच्या उपचाराला सरळसरळ उपासमारीचा आहार असंच म्हणत. भाज्या तीन-तीनदा उकडायच्या, दर वेळी पाणी फेकून द्यायचं, म्हणजे उरलासुरला पिष्टमय भागही निघून जाईल. धुतलेल्या कोंड्याची बिस्किटं करायची. मधल्या वेळचं खाणं म्हणाल तर ते हे! ॲलन क्रूर नव्हते. दुसरा उपाय हाताशी नव्हता आणि या आहारावर मुलं काही महिने, कधी काही वर्षं जास्त जगत. पण काही जण आजाराऐवजी भुकेनेच जात.

त्यांच्या रुग्णांत एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी होती, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांची लेक. अकराव्या वर्षी मधुमेह झाला. 1922 च्या ऑगस्टमध्ये तिला कॅनडात टोरोंटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे आणलं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं जेमतेम 20 किलो. टोरोंटोमध्ये आदल्याच वर्षी इन्सुलिनचा शोध लागला होता. ती वाचली, नुसती वाचली नाही तर पूर्ण आयुष्य जगली. तिचं निधन झालं 1981 मध्ये.

हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी, त्याच टोरोंटोमधून आपल्या आजच्या विषयाचा निबंध प्रसिद्ध झाला.

पण त्याआधी मधला टप्पा पाहू. इन्सुलिन आल्यावर रुग्ण पुन्हा जेवायला लागले. 1950 मध्ये अमेरिकेत पदार्थांच्या अदलाबदलीच्या याद्या निघाल्या. पिष्टमय भाग सारखा असेल तर ब्रेडऐवजी बटाटा घ्या किंवा भात घ्या, हिशोब तोच. शिवाय एक समजूत होती की, साखर लवकर चढते आणि पिष्ट सावकाश. 1970 च्या दशकात या दोन्ही गोष्टींना तडे गेले. कॅलिफोर्नियात फिलिस क्रेपो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, बटाट्याने रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजइतकीच चढते, तांदळाने आणि मक्याने तेवढी नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड जेंकिन्स यांनी 1976 मध्ये जेवणात गवारीच्या बियांचा गोंद मिसळून पाहिला. हो, आपलीच गवार! जेवणानंतरची साखर कमी चढली.

हेच जेंकिन्स पुढे टोरोंटोला गेले. 1981 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 62 पदार्थ तपासले. पद्धत सोपी. निरोगी माणसांना प्रत्येक पदार्थ असा मोजून द्यायचा की, त्यातून 50 ग्रॅम कर्बोदकं मिळतील. मग दोन तास रक्तातली साखर मोजत राहायची आणि ग्लुकोजला 100 धरून तुलना करायची. हाच ग्लायसेमिक इंडेक्स. आज 55 पर्यंत कमी आणि 70 पासून पुढे जास्त, असं मानतात. त्या यादीत पांढरा ब्रेड 69 होता, साखर 59. म्हणजे साखरेपेक्षा ब्रेड वर! न्याहारीच्या धान्यांची सरासरी 65, फळांची 50 आणि सगळ्यात खाली कडधान्यं, 31. शेंगदाणे तर 13.

आता आपल्या चार वाजताच्या बशीकडे वळू. हरभऱ्यातला पिष्टमय भाग पेशींच्या चिवट भिंतींत बंद असतो. पाचकरस तिथे सावकाश पोचतात, साखर हळूहळू रक्तात येते. म्हणून भट्टीवरचे फुटाणे, मटकीची उसळ, उकडलेले शेंगदाणे, वाफवलेले हरभरे, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू : या सगळ्या चवदार गोष्टी कमी आकड्याच्या. उलट चुरमुरा. गरम वाळूत तांदूळ फुलतो, आतून जाळीदार होतो आणि पचायला वेळच लागत नाही. वजनाला हलका, म्हणून आपण तो पथ्याचा समजतो. साखर चढवण्यात मात्र तो चपळ. मग भडंग सोडायचं का? नाही. प्रमाण उलटं करा. फुटाणे-शेंगदाणे मूठभर आणि चुरमुरे चवीपुरते.

उपासाची गंमत तर वेगळीच. ज्या दिवशी आपण कमी खायचं ठरवतो, त्या दिवशी ताटात साबुदाणा आणि बटाटा. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. कसावा आणि बटाटा दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे, पोर्तुगीज जहाजं आली त्यानंतर आपल्याकडे पोचलेले. दोघंही साखर चढवणारे. खिचडीत थोडा तोल सांभाळतं ते दाण्याचं कूट, आणि शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच.

आपल्या धान्यांची मोजणी जवळच, बडोद्याला झाली. तिथल्या यू. व्ही. मणी आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पश्चिम भारतातल्या नेहमीच्या पदार्थांवर अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेही रुग्णांचे गट छोटे होते, म्हणून आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण बाजरी 55, ज्वारी 77 आणि नाचणी चक्क 104. कोद्र्याला अख्ख्या मुगाची जोड दिली की आकडा खाली आला. तेव्हा ‘नाचणीची बिस्किटं, मधुमेह्यांसाठी खास’ असं वेष्टनावर दिसलं की जरा थांबावं. धान्याच्या नावाइतकंच ते किती बारीक दळलंय, किती शिजवलंय, सोबत काय आहे, हेही महत्त्वाचं असतं.

आता आकड्याची मर्यादा. 1981 च्या त्याच यादीत काबुली चणे 36 आणि आइस्क्रीमही 36! स्निग्ध पदार्थ पचन मंद करतात, म्हणून आकडा उतरतो. उष्मांक उतरत नाहीत. शेव-फरसाणाचंही तेच. दुसरी अडचण प्रमाणाची. कलिंगडाचा आकडा मोठा, पण एका फोडीत बरंचसं पाणीच. म्हणून 1997 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड आणला, म्हणजे आकड्याबरोबर खाण्याचं प्रमाणही धरायचं.

आणि एक इशारा. आम्ही इतिहास सांगतोय, औषधयोजना नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर अचानक खाली गेली, तर तिथे फुटाणे कामाचे नाहीत; तेव्हा ग्लुकोज किंवा साखरच लागते.

एलिझाबेथच्या काळात पथ्य म्हणजे काय काय काढून टाकायचं, याची यादी होती. आज आपल्याला निवड करता येते, आणि ती निवड कोपऱ्यावरच्या फुटाणेवाल्याकडे पाच-दहा रुपयांत मिळते. डाएटच्या नावाखाली दुपारभर पोट मारून रात्री ताटावर तुटून पडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलांना उपाशी राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपल्याला आहे. तेव्हा चार वाजता मूठभर काहीतरी जरूर खा, चावून खा आणि अपराधी वाटून न घेता खा.

आता प्रश्न घेऊ.