मौनाची अट आणि अध्ययनाचे सत्र : जेरुसलेममधील मॉर्मन विद्यार्थिजीवनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या शिक्षणक्रमात परदेशातील सत्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले. अशा सत्राचा हेतू दुहेरी असतो. विद्यार्थ्याने परकी भाषा व संस्कृती जाणून घ्यावी हा एक. आणि धर्मग्रंथात वाचलेली भूमी प्रत्यक्ष पाहून त्याची श्रद्धा अधिक डोळस व्हावी हा दुसरा. मात्र ती भूमी इतर धर्मीयांचीही पवित्र भूमी असेल, तर तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या श्रद्धेचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जेरुसलेम केंद्राच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचा व त्यातून घडलेल्या विद्यार्थिजीवनाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या युटा राज्यातील प्रोव्हो येथे १८७५ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या या पंथाचे अनुयायी ‘मॉर्मन’ या नावाने ओळखले जातात. ते स्वतःला ख्रिस्ती मानतात. तथापि इतर अनेक ख्रिस्ती पंथांना त्यांची तत्त्वे मान्य नाहीत. या पंथात धर्मप्रसाराला मध्यवर्ती स्थान आहे. तरुणांनी दोन वर्षे व तरुणींनी दीड वर्ष स्वखर्चाने धर्मप्रसारकार्य करण्याची परंपरा आजही चालू आहे.

जेरुसलेमशी या पंथाचे नाते जुने आहे. पंथाचे एक प्रेषित ऑर्सन हाइड यांनी २४ ऑक्टोबर १८४१ रोजी जैतुनांच्या डोंगरावर प्रार्थना केली होती. १९६७ च्या युद्धानंतर, १९६८ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी अभ्यासासाठी या शहरात आली. पुढे १९८० च्या दशकात, स्वतःची वास्तू उभी राहीपर्यंत, विद्यार्थी शहराच्या दक्षिण सीमेवरील रामात राहेल या किबुत्झमध्ये राहत असत.

विरोध आणि हमीपत्र

१९८४ मध्ये माउंट स्कोपस परिसरात केंद्राच्या बांधकामास प्रारंभ झाला. महापौर टेडी कोलेक यांचा या योजनेला पाठिंबा होता. मात्र सनातनी ज्यूंनी तीव्र विरोध केला. शतकानुशतकांच्या सक्तीच्या धर्मांतरांची आणि नाझी संहाराची स्मृती ज्या समाजात ताजी होती, त्याला आपल्या पवित्र नगरीत धर्मप्रसारासाठी प्रसिद्ध असलेल्या पंथाचे केंद्र धोकादायक वाटणे अस्वाभाविक नव्हते. निदर्शने झाली, वाद इस्रायलच्या क्नेसेटपर्यंत पोहोचला, आणि १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या १५४ सदस्यांनी केंद्राच्या बाजूने क्नेसेटला पत्र पाठविले.

या संघर्षातून मार्ग निघाला तो लेखी हमीने. इस्रायलमध्ये धर्मप्रसार करणार नाही, असे विद्यापीठाने लिहून दिले. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९७७ च्या इस्रायली कायद्याने आर्थिक वा भौतिक लाभाचे आमिष दाखवून धर्मांतर घडविण्यास बंदी घातली होती. केवळ शब्दांनी प्रौढ व्यक्तीचे मन वळविण्यास नव्हे. म्हणजेच विद्यापीठाने स्वीकारलेले बंधन कायद्याच्या अपेक्षेपेक्षा अधिक कठोर होते. मार्च १९८७ मध्ये विद्यार्थी नव्या वास्तूत राहावयास आले, १९८८ मध्ये जमिनीचा ४९ वर्षांचा भाडेपट्टा झाला आणि १६ मे १९८९ रोजी हॉवर्ड हंटर यांच्या हस्ते वास्तूचे समर्पण झाले.

सत्रातील विद्यार्थिजीवन

डेव्हिड रेझनिक व फ्रँक्लिन फर्ग्युसन या वास्तुविशारदांनी रचलेली ही कमानींची आठ मजली वास्तू डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. तेथून जुने शहर व सोनेरी घुमटाची इस्लामी वास्तू समोर दिसते. निवास, भोजन, वर्ग व उपासना एकाच छताखाली असल्याने सत्राचे जीवन काहीसे आश्रमीय वाटते. जुना करार, नवा करार, निकटपूर्वेचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास, तसेच हिब्रू किंवा अरबी भाषा हे अभ्यासाचे विषय असतात. इस्रायली व पॅलेस्टिनी या दोन्ही बाजूंचे स्थानिक अध्यापक आपापला इतिहास शिकवितात. एकाच आठवड्यात एकाच घटनेची दोन कथने ऐकणे हा या वर्गांचा विशेष होय. गालील, जॉर्डन, इजिप्त आदी ठिकाणच्या अभ्याससहली हा सत्राचा अविभाज्य भाग राहिला आहे.

उपासनेचा दिवसही बदलतो. घरी रविवारी चर्चमध्ये जाणारा विद्यार्थी येथे शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी, उपासना करतो आणि रविवारी वर्गात बसतो. मुख्य म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला धर्मप्रसार न करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी करावी लागते. बाजारातील दुकानदाराने कुतूहलाने ‘तुमचा धर्म काय सांगतो?’ असे विचारले, तरी त्यावर चर्चा करण्यास मज्जाव असतो. यांपैकी अनेकांनी नुकतीच दोन वर्षे दारोदार जाऊन धर्मसंदेश दिलेला असतो. काल ज्याचे कर्तव्य बोलणे होते, आज त्याचेच कर्तव्य मौन ठरते.

मौनाचे फलित आणि मर्यादा

राजकीय तडजोड म्हणून आलेल्या या अटीचा शैक्षणिक परिणाम दूरगामी ठरला. उत्तर देण्याचा मार्ग बंद झाला की प्रश्न विचारणे व ऐकणे एवढेच उरते. मशिदीतील अजान, पश्चिम भिंतीजवळची प्रार्थना, पवित्र कबरीच्या चर्चमधील निरनिराळ्या पंथांचे विधी यांच्याकडे विद्यार्थी संभाव्य श्रोत्यांच्या नव्हे, तर पाहुण्याच्या दृष्टीने पाहू लागतो. केंद्रातील संगीताच्या मैफलींना शहरातील नागरिक येतात, त्यामागेही याच विश्वासाचे भांडवल आहे.

तथापि या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. केंद्र ज्या पूर्व जेरुसलेममध्ये आहे, तो भाग इस्रायलने १९६७ मध्ये जिंकला आणि त्याच्या विलीनीकरणास बहुतांश राष्ट्रांनी मान्यता दिलेली नाही. धर्माविषयी मौन पाळता आले, तरी भूमीच्या वादापासून अलिप्त राहणे शक्य नव्हते. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाल्यानंतर विद्यार्थ्यांचे वर्ग स्थगित झाले; ते २००७ च्या आरंभी पुन्हा भरले. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्धामुळे विद्यार्थ्यांना पुन्हा परतावे लागले. अमेरिकी विद्यार्थ्याला मायदेशी परतण्याची सोय होती. त्याला शिकविणाऱ्या व त्याच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या स्थानिकांना ती नव्हती.

समारोप

धार्मिक शिक्षणाचे यश बहुधा किती ठामपणे बोलता आले यावरून मोजले जाते. जेरुसलेम केंद्राचा इतिहास वेगळा निकष सुचवितो. विरोधकांच्या भीतीतून जन्मलेली अट पाळता पाळता तीच विद्यार्थ्यांची शिस्त झाली. श्रद्धा न सोडता दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी शांतपणे उभे राहता येते, हा या सत्राने दिलेला धडा बहुधर्मीय समाजातील कोणत्याही शिक्षणसंस्थेला विचारप्रवृत्त करणारा आहे.