आखेनचे दोन मार्क

घराच्या छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करून ती सार्वजनिक तारांत सोडली, तर तिचें मोल काय? या प्रश्नावर जर्मनींतील आखेन शहरांत मोठा वाद माजला. १९९१ पासून अशी वीज विकत घेणें तेथील वीजकंपन्यांस कायद्यानें भाग पडलें. पण दर युनिटला सुमारें १७ फेनिग. निर्मितीचा खर्च मात्र २ मार्कांच्या घरांत, म्हणजे २०० फेनिग! याला व्यापार कोण म्हणेल? वोल्फ फॉन फाबेक या माजी सैनिकी अधिकाऱ्याच्या मंडळानें खर्च भरून निघेल असा दर मागितला. नगरसभेनें १९९२ सालीं ठराव केला. पुष्कळ ओढाताणीनंतर त्याचा अंमल १९९५ त झाला. युनिटला २ मार्क, आणि तेही २० वर्षें! त्यासाठीं सर्व ग्राहकांचा दर फार तर १ टक्का वाढावयाचा होता. स्वतःचें छप्पर नसलेल्या भाडेकऱ्यानें हा भार कां सोसावा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण कोळशाच्या धुराचा भार तोही सोशीत होताच, केवळ तो बिलांत दिसत नव्हता. २००० सालच्या कायद्यानें साऱ्या देशांत २० वर्षांच्या हमीनें ९९ फेनिग दर दिला. मात्र नव्या यंत्रांसाठीं तो दरवर्षीं उतरविण्याचें कलमही त्यांतच होतें.