मोरया गोसावी : चिंचवडला येण्याची कथांतरे

मोरया गोसावी (काळ विवाद्य, १४वे ते १७वे शतक). चिंचवडच्या देव घराण्याचे मूळपुरुष व गाणपत्य संप्रदायातील ख्यातनाम सत्पुरुष. संजीवन समाधी चिंचवडला पवना नदीच्या काठी. प्रस्तुत नोंद त्यांच्या चिंचवडला येण्याच्या कथांपुरती आहे.

काळ : परंपरेने समाधी शके १४८३ (१५६१) ची मानतात; वार्षिक उत्सवाची गणना तीच. जन्म १३७५ चा धरल्यास आयुष्य १८६ वर्षांचे भरते, पण भाविक चरित्रांना त्याची अडचण वाटत नाही. अभ्यासकांपैकी रा. चिं. ढेरे १६वे शतक मानतात, पॉल कोर्टराइट १७वे. ठोस आधार समाधिमंदिरावरील शिलालेखाचा. काम शके १५८०, विलंबी संवत्सरी (१६५८) सुरू होऊन विकारी संवत्सरात पुरे झाले, असे तो सांगतो. त्यावर नाव चिंतामणी गोसावी यांचे. घराण्यात हे नाव पुन्हा पुन्हा येते. हे चिंतामणी मोरयांचे पुत्र असल्यास १५६१ हे साल टिकणे कठीण. पणतू असल्यास मूरने दिलेले १६४० (पुढे पाहा) टिकत नाही. पुत्र चिंतामणी व तुकाराम (मृत्यू १६५०) यांच्या भेटीची कथा प्रसिद्ध आहे, पण संतभेटींच्या कथांवरून कालनिर्णय करू नये.

कथांतरे : छापील कथांपैकी जुनी कॅप्टन एडवर्ड मूर याची, ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडातील (१८०१). तीत गणपती चिंचवडलाच स्वप्नात येतो आणि स्नान करताना हाताला प्रथम लागेल ते पवित्र मान, असे सांगतो. हाताला दगड लागतो. देवाचा अंश सात पिढ्या वंशात राहील, असा वरही मिळतो. मूर हा प्रसंग १६४० च्या सुमाराचा धरतो. या कथेत मोरगाव, म्हणजे अष्टविनायकांतील आद्यस्थान, येतच नाही.

नंतरच्या कथांत मोरगाव केंद्रस्थानी येते. एकीत वृद्ध मोरया वारीला पोचतात तो देऊळ बंद. दुसरीत मोरगावी त्यांच्यावर जादूटोण्याचा आळ येऊन बंदी होते. दोन्हींत चिंचवडला येण्याची इच्छा देवाची. आज रूढ असलेल्या कथेत मंगलमूर्तीचा तांदळा (अघडित शिलारूप मूर्ती) पवनेत नव्हे, मोरगावच्या कऱ्हा नदीत सापडतो. जागा का बदलली हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मात्र चिंचवडचे देवपण अष्टविनायकांतील आद्यस्थानाशी जोडून घेणे दोन्ही गावांच्या सोयीचे होते.

सात पिढ्या : थेट वंशातील शेवटचे देव धर्मधर १८१० मध्ये निपुत्रिक वारले. वराची मुदत त्यापूर्वीच मूरने छापली होती, ही लक्षणीय बाब. देवस्थानाच्या इनामांचे उत्पन्न चालू राहावे म्हणून पुजाऱ्यांनी सखारी या दूरच्या नातलगास गादीवर बसवले. इनाम वंशपरंपरेने चालायचे, तर देवत्वही वंशपरंपरेचे लागते. दैवी वराची कथा कागदपत्रांशेजारी ठेवून वाचावी. त्यासाठी लॉरेन्स प्रेस्टन यांचा देव घराणे व राज्यसत्ता यांवरील ग्रंथ (१९८९) अपरिहार्य. औरंगजेबाने पाठवलेल्या मांसाची फुले झाली व त्याने आठ गावे इनाम दिली, ही घराण्यातील नारायण देवांची कथाही शेवटी इनामावरच येते.

मूळ गाव : बीदर, असे एक मत.

विवाह : पत्नी उमाबाई, ताथवड्याच्या कुलकर्णी घराण्यातील.

सद्यःस्थिती : मोरगाव, सिद्धटेक व थेऊर ही देवस्थाने चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहेत. भाद्रपदात व माघात मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावास जाते.