मोटारगाडीतील हवानियंत्रण व सूचक दिवे

मोटारगाडीतील हवानियंत्रण व सूचक दिवे : मोटारगाडीच्या आतील हवेचे तापमान, आर्द्रता व प्रवाह यांत इच्छेनुसार बदल करणाऱ्या साधनांना हवानियंत्रक म्हणतात, तर एंजिन, गतिरोधक (ब्रेक), विद्युत् जनित्र इ. भागांत दोष निर्माण झाल्यास चालकास इशारा देणाऱ्या दिव्यांना सूचक दिवे म्हणतात. ही दोन्ही साधने चालकासमोरील एकाच फलकावर असतात आणि दोहोंचा विकासही एकाच दिशेने झालेला आहे. प्रारंभी चालकास स्वतः मोजमाप करून निर्णय घ्यावा लागे. पुढे मोजमाप व निर्णय ही दोन्ही कामे हळूहळू यंत्रणेकडे गेली. त्यामुळे वाहन चालविणे सुलभ झाले. परंतु यंत्राच्या स्थितीविषयी चालकास होणारे ज्ञान मात्र संक्षिप्त होत गेले. एखादा दिवा लागल्यावर गाडी तत्काळ थांबवावी की पुढे न्यावी, हे त्या संक्षिप्त खुणेचा अर्थ समजण्यावर अवलंबून असते.

प्रारंभकाळ : घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून हाकणाऱ्यापुढे एक फळी बसवीत. तिचेच ‘डॅशबोर्ड’ हे नाव पुढे मोटारगाडीतील उपकरण फलकास मिळाले. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ मधील तीनचाकी गाडीत असा फलक वा कोणतेही मापक नव्हते. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८—२७) या गाडीत इंधनमापक नसल्याने पुढील आसन उचलून टाकीत काठी बुडवावी लागे आणि काठी किती भिजली यावरून इंधनाचा अंदाज घ्यावा लागे. एंजिन तापल्याचे रेडिएटरमधून वाफ निघू लागल्यावरच समजे.

ही अडचण हॅरिसन बॉइस यांनी १९१२ च्या सुमारास पेटंट घेतलेल्या ‘मोटोमीटर’ या साधनाने काही अंशी दूर झाली. हा तापमापक रेडिएटरच्या टोपणावर बसवीत व चालकास तो आसनावरून काचेतून दिसे. नंतरच्या काळात तापमान, वंगण तेलाचा दाब व विद्युत् प्रवाह दर्शविणारी काट्याची मापके फलकावर आली. काटा नेहमीच्या जागेपासून किती व किती वेगाने सरकत आहे, हे त्यांवरून समजत असल्याने बिघाड पूर्ण होण्याआधीच तो ओळखता येई. मात्र त्यासाठी काट्याची नेहमीची जागा चालकास ठाऊक असणे व त्याने मापकाकडे वारंवार पाहणे आवश्यक होते.

तापन : थंड देशांत आरंभीच्या उघड्या गाड्यांत प्रवासी लोकरी पांघरुणे, तापविलेल्या विटा व कोळशाच्या शेगड्या वापरीत. बंदिस्त गाड्या रूढ झाल्यावर एंजिनातील वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग करण्यात येऊ लागला. एका प्रकारात निष्कास नळीभोवतीची तापलेली हवा आत आणली जाई. परंतु नळीस छिद्र पडल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू आत येण्याचा धोका असे. त्यामुळे एंजिन थंड ठेवणारे पाणी एका लहान रेडिएटरमधून फिरवून त्यावरून हवा सोडण्याची पद्धत १९३० नंतरच्या दशकात अधिक रूढ झाली. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनांच्या बहुतेक गाड्यांत मूलतः हीच पद्धत आजही आढळते.

अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरील ताजी हवा गाळून व तापवून आत सोडणारी यंत्रणा प्रचारात आणली आणि पुढील वर्षी तिला तापमान-नियंत्रक जोडला. ‘वेदर आय’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. तापन व वायुवीजन ही तोपर्यंत वेगळी मानली जाणारी कामे तिच्यात एकत्र आली.

प्रशीतन : कारखान्यातच बसविलेले वातानुकूलन प्रथम पॅकार्ड कंपनीने देऊ केले. तिने १९३९ च्या अखेरीस शिकागो येथील प्रदर्शनात १९४० सालच्या गाड्यांसाठी ही सोय मांडली. तिची किंमत २७४ डॉलर होती. बाष्पित्र (ज्यात प्रशीतक द्रवाचे वायूत रूपांतर होऊन उष्णता शोषली जाते तो भाग) सामानाच्या कप्प्यात असल्याने तेथील बरीच जागा व्यापली जाई व थंड हवा मागील बाजूने येई. संपीडकास क्लच नसल्याने एंजिन चालू असेपर्यंत तो फिरतच राही. यंत्रणा खरोखर बंद करावयाची असल्यास गाडी थांबवून, पुढील झाकण उघडून संपीडकाचा पट्टा काढावा लागे. १९४१ नंतर ही सोय बंद करण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५३ मध्ये क्रायस्लर कंपनीने ‘एअरटेम्प’ ही सुधारित यंत्रणा आणली. १९५४ मध्ये नॅश कंपनीने तापन, वायुवीजन व प्रशीतन ही तिन्ही कामे गाडीच्या पुढील भागात एकत्र आणून त्यांची नियंत्रके फलकावर बसविली. १९६४ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत याहून महत्त्वाचा बदल झाला. त्यांतील ‘कम्फर्ट कंट्रोल’ यंत्रणेत चालकाने हवे ते तापमान एकदा ठरविले की, ते राखण्यासाठी गरम व थंड हवेचे मिश्रण यंत्रणाच करी. तोपर्यंत चालक झडप व पंखा यांना आज्ञा देत असे; यापुढे तो केवळ अपेक्षित परिणाम सांगू लागला.

या यंत्रणांत प्रदीर्घ काळ सीएफसी—१२ हे प्रशीतक वापरले जात होते. क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांमुळे वातावरणातील ओझोन थराची हानी होऊ शकते, असे मारिओ मोलिना व एफ्. शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर त्यांचा वापर कमी होत गेला व १९९० नंतरच्या दशकात नव्या गाड्यांत एचएफसी—१३४ए हे प्रशीतक आले. ते ओझोनास घातक नसले, तरी जागतिक तापमानवाढीस मोठ्या प्रमाणात कारणीभूत होते. म्हणून यूरोपीय संघाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत त्याचा वापर बंद केला.

मापकाकडून दिव्याकडे : १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने वंगण तेलाचा दाब व विद्युत् जनित्र यांसाठी मापकांऐवजी दिवे बसविण्यास प्रारंभ केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. त्यांची रचना सोपी होती. तेलमार्गातील एक विद्युत् स्विच तेलाच्या दाबाने उघडा राहतो. दाब ठराविक मर्यादेखाली गेला की, तो बंद होऊन मंडल पूर्ण होते व दिवा लागतो. जनित्राचा दिवा विद्युत् घटमाला (बॅटरी) व जनित्र यांच्या दरम्यान जोडीत. दोन्हींचा विद्युत् दाब सारखा असताना दिव्यातून प्रवाह जात नाही. जनित्र बंद पडले की, घटमालेतून प्रवाह वाहून दिवा लागतो.

हे दिवे मापकांपेक्षा स्वस्त होते व अंधारातही चटकन लक्ष वेधून घेत. तथापि यंत्राची जाण असलेल्या चालकांनी त्यांना ‘इडियट लाइट’ म्हणजे ‘मूर्खांसाठीचे दिवे’ असे उपरोधिक नाव दिले. त्यामागील आक्षेप अगदीच निराधार नव्हता. काटा प्रवृत्ती दाखवितो, तर दिवा केवळ मर्यादा ओलांडली गेल्याचे सांगतो. दुसऱ्या बाजूस, काट्याकडे न पाहणाऱ्या चालकास मापकाचा काहीच उपयोग नसतो, हेही खरे आहे. पुढे मापकेही काही अंशी दिव्यांसारखी झाली. अनेक आधुनिक गाड्यांत एंजिनाचे तापमान बऱ्याच मोठ्या कक्षेत बदलले, तरी काटा मध्यावरच स्थिर राहील अशी योजना केलेली असते.

सुरक्षिततेच्या कायद्यांमुळे दिव्यांची संख्या वाढली. अमेरिकेत १९६८ पासून मोटारगाड्यांस दोन स्वतंत्र गतिरोधक मंडले व त्यांतील दोष दर्शविणारा दिवा सक्तीचा झाला. चाकातील हवेचा दाब कमी झाल्याचे दर्शविणारी यंत्रणा तेथे २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत आवश्यक ठरली. गाड्या अनेक देशांत विकल्या जाऊ लागल्याने शब्दांऐवजी चित्ररूप चिन्हांची गरज भासली व आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २५७५ क्रमांकाच्या मानकात ती निश्चित करण्यात आली.

संगणकाचा काळ : निष्कास वायूंवरील निर्बंधांमुळे एंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिकीय यंत्रणेकडे आले आणि बिघाडाची नोंदही तीच ठेवू लागली. कॅलिफोर्निया राज्यात १९८८ सालच्या गाड्यांपासून अशी स्वयंनिदान यंत्रणा आवश्यक झाली. तिची एकसमान अशी दुसरी आवृत्ती १९९६ सालापासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारगाड्यांस लागू झाली. एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा हे तिचे दृश्य चिन्ह होय. जुना दिवा एका स्विचचे म्हणणे सांगे. हा दिवा शेकडो संभाव्य दोषांपैकी कोणताही एक दर्शवितो. दोषाचा क्रमांक यंत्रणेच्या स्मृतीत असतो व तो वाचण्यासाठी वेगळे उपकरण जोडावे लागते. इंधन टाकीचे टोपण नीट न लावल्यानेही काही गाड्यांत हा दिवा लागतो.

भारतातील स्थिती : अँबॅसडर व मुंबईत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात बहुतेक प्रवाशांचे हवानियंत्रण म्हणजे खिडक्या आणि पुढील दारांतील फिरणारी त्रिकोणी काच एवढेच होते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० ही गाडी आल्यानंतरच्या काळात वातानुकूलित लहान गाड्यांचा प्रसार होत गेला. स्वयंनिदान यंत्रणेची दुसरी आवृत्ती २०१३ पासून आवश्यक झाली. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत आसनपट्ट्याची आठवण देणारा इशारा सक्तीचा करण्यात आला. वातानुकूलन ही चैन नव्हे, तर कामगाराच्या सुरक्षिततेची बाब आहे, या विचारास उशिरा मान्यता मिळाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन आवश्यक करणारी अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली.

नियंत्रकांचा वापर : उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच अधिक तापते. म्हणून प्रथम काचा उघडून ती बाहेर जाऊ द्यावी, मग वातानुकूलन सुरू करावे व काही वेळ आतलीच हवा फिरवावी. वळलेल्या बाणाच्या चिन्हाची कळ या कामासाठी असते. मात्र ही स्थिती दीर्घकाळ ठेवल्यास आत कार्बन डाय-ऑक्साइड वायू साचून चालकास सुस्ती येऊ शकते. स्वयंचलित यंत्रणेत तापमान फार खाली ठरविल्याने गाडी सहसा लवकर थंड होत नाही, कारण प्रारंभी यंत्रणा पूर्ण शक्तीनेच चालत असते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटरस्त्यांवर, काचेवर आतून बाष्प जमून समोरचे दिसेनासे होते. अशा वेळी बाहेरील हवा घेऊन, वातानुकूलन चालू ठेवून तिचा झोत पुढील काचेवर सोडावा. थंड बाष्पित्रावरून जाताना हवेतील आर्द्रता पाण्याच्या रूपाने वेगळी होते व ही कोरडी हवा काच स्वच्छ करते. हवा नंतर गरम केली, तरी तिचा कोरडेपणा कायम राहतो. गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हे याच क्रियेचे फल असून तो बिघाड नव्हे.

दिव्यांचा अर्थ : सामान्यतः लाल दिवा धोका, पिवळा दिवा लवकर तपासणीची गरज, तर हिरवा वा निळा दिवा एखादी यंत्रणा चालू असल्याचे दर्शवितो. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा तेलाची पातळी नव्हे, तर दाब घटल्याचे सांगतो. वंगणाविना एंजिनाचे भाग अल्पावधीत निकामी होत असल्याने सुरक्षित जागी थांबून एंजिन तत्काळ बंद करावे. घटमालेचा दिवा बहुधा तिचे भारण थांबल्याचा निदर्शक असतो. काही गाड्यांत जनित्राचाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवीत असल्याने, तो तुटल्यास एंजिनही तापते. गतिरोधकाचा लाल दिवा हातब्रेक सोडल्यावरही विझत नसल्यास गाडी पुढे नेऊ नये. एंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असल्यास काळजीपूर्वक कार्यशाळेपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असल्यास एंजिनात इंधनाचे ज्वलन नीट होत नसून निष्कास वायू शुद्ध करणाऱ्या भागाची हानी होण्याचा संभव असतो.

एंजिन तापल्याचा इशारा मिळाल्यास हवानियंत्रण व सूचक दिवे यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. वातानुकूलन बंद केल्याने एंजिनावरील भार कमी होतो आणि तापक पूर्ण क्षमतेने चालू केल्याने त्याची काही उष्णता गाडीत सोडली जाते. सुरक्षित जागा गाठेपर्यंत एवढाच तात्पुरता उपाय करावा व नंतर एंजिन बंद करावे. आतील पाणी दाबाखाली १००° से. पेक्षाही अधिक तापलेले असू शकत असल्याने रेडिएटरचे टोपण एंजिन थंड होईपर्यंत उघडू नये.

किल्ली फिरविताच बहुतेक सूचक दिवे काही क्षण लागून मग विझतात. ही त्या दिव्यांचीच चाचणी असते. जो दिवा या वेळी लागत नाही, तो प्रत्यक्ष बिघाडाच्या वेळीही अंधाराच राहण्याचा संभव असतो. म्हणून न लागणारा दिवा हाही एक इशाराच समजावा.