चाक बदललं, खांदा तोच

मोटारसायकल बर्फात चालते का? चालते, पण चाकांवर नाही. अमेरिका-कॅनडाच्या डोंगराळ मुलखात हिवाळ्यात पुरुषभर बर्फ साचतो. तिथली हौशी मंडळी मातीत उड्या मारणाऱ्या मोटारसायकलींना त्या दिवसांपुरतं वेगळं रूप देतात. मागचं चाक काढून त्या जागी रबराचा रुंद, दातेरी पट्टा बसवतात, रणगाड्याला असतो तसा. पुढचं चाक काढून तिथं बर्फावर घसरणारी फळी लावतात. या साहित्याचे तयार संच मिळतात. टिंबरस्लेड, कॅम्सो, येटी ही त्यातली गाजलेली नावं.

संच घेणारा माणूस तुलना कशाची करतो? पहिली गोष्ट पट्ट्याची लांबी. कुठला पट्टा 120 इंचांचा, कुठला 129, कुठला 137. लांब पट्टा भुसभुशीत बर्फात रुतत नाही, पण वळायला आडमुठा. आखूड पट्टा चटकन वळतो, पण खोल बर्फात बूड टेकतो. पट्ट्याचे दाते उंच असले तर पकड चांगली, मात्र इंजिनाची ताकद तितकीच जास्त खर्ची पडते. म्हणून असा संच बहुधा 450 सीसीच्या आसपासच्या दणकट गाडीला लावतात. थोडक्यात प्रश्न चार: गाडी रुतते किती, वळते कशी, ओढायला ताकद किती लागते, आणि चौथा, ज्याचा भार असतो तो शेवटी कुणावर पडतो?

भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या टोकाला असलेल्या आमच्या मांडवगण फराट्यात बर्फाची ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारील. (श्रीगोंद्याचं मांडवगण वेगळं. हे नदीकाठचं. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो.) आमच्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. आषाढात तिच्यात बैलगाडी घालून पाहा, म्हणजे बर्फातल्या माणसाची अडचण लगेच कळेल. जमीन मऊ, ओझं जड. मधे काय घालायचं? हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

हिशेब साधा आहे. गाडी आणि स्वार मिळून सव्वादोनशे किलो धरले आणि दोन टायर जमिनीला दोनशे चौरस सेंटिमीटर टेकतात असं मानलं, तर दर चौरस सेंटिमीटरवर किलोभराहून जास्त भार येतो. तेच वजन अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर टेकलेल्या पट्ट्यावर पसरलं, तर तो भार किलोच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतो. दोन पायांवर उभा राहिलेला माणूस यापेक्षा जास्त रुततो. पट्ट्यामुळे वजन कमी होत नाही, ते फक्त पसरतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

हा पट्टा नावारूपाला आला तो बर्फात नव्हे, शेतात. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची शेतं दलदलीची. तिथं वाफेचे ट्रॅक्टर रुतायचे. बेंजामिन होल्ट यांनी चाकं रुंद करून पाहिली, भागलं नाही. शेवटी 1904 साली त्यांनी मागची चाकं काढून पट्टे लावले आणि ट्रॅक्टर चालला. सुरवंटासारखी चाल म्हणून त्याला ‘कॅटरपिलर’ हे नाव पडलं. रशियाच्या झारच्या मोटारी बर्फात चालाव्यात म्हणून आदोल्फ केग्रेस या फ्रेंच कारागिरानं लवचीक पट्टा तयार केला. कॅनडात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी 1937 साली बर्फगाडीच्या पट्ट्याचं पेटंट मिळवलं.

केग्रेसच्या पट्ट्यांच्या सित्रोएन मोटारी 1931 साली बैरूतहून निघून हिंदुस्थानात श्रीनगरपर्यंत आल्या. पुढे गिलगिटच्या वाटेवर त्यांतल्या दोन नेल्या. पण जिथं वाट ढासळलेली होती, तिथं पट्टा काय करणार? मोटारी सुट्या करून हमालांच्या खांद्यांवरून पलीकडे न्याव्या लागल्या. जगातली सर्वांत पुढारलेली गाडी अखेर माणसाच्या खांद्यावर आली.

खांद्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मांडवगणाजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून तिथं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या एका मडक्यावर बैलगाडीचं रेखाटन सापडलं आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली मिळालेल्या रथालाही बैलजोडीच जुंपलेली आहे. म्हणजे या मुलखात चाक जुनं आणि बैलाचा खांदाही तितकाच जुना.

तरीही शतकानुशतकं इथली लांबची वाहतूक चाकावर फारशी चाललीच नाही. ती चालली खुरांवर. भीमथडीची तट्टं आणि लमाणांचे बैलांचे तांडे हीच त्या काळची मालगाडी. गाड्या होत्या, पण अवजड. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरात दख्खनच्या अशा गाड्यांचं वर्णन आहे. त्यांची चाकं भरीव, काही तर चक्क दगडी. अशी गाडी हलवायला एक जोडी पुरायची नाही.

बदल झाला एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या जमीन-पाहणीची नवी पद्धत 1836 साली इंदापुरात लागू झाली. सारा रोख भरायचा म्हणजे धान्य विकायला हवं आणि विकायला ते बाजारी पोचायला हवं. या पाहणीतल्याच लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं सोलापूरकडच्या टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला. आऱ्यांची हलकी चाकं आणि एका बैलजोडीला ओढता येईल असा साटा. आपण जिला ‘परंपरागत’ बैलगाडी म्हणतो, ती निदान या भागात इतकी अलीकडची आहे. पुढे 1858 साली रेल्वे पुण्याला आली, तिथून दौंडवरून सोलापूरकडे गेली, आणि स्टेशनावर माल पोचवायला याच गाड्यांच्या रांगा लागल्या.

या गाडीभोवती गाव उभं राहिलं. सुतारानं आरे बसवायचे, लोहारानं लोखंडी धाव तापवून चढवायची, नालबंदानं बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायच्या. अनेक गावांत हा नालबंद आमच्या मुसलमान समाजातला असे. पोळ्याच्या आधी त्याच्या दारात बैलांची गर्दी व्हायची. गावाच्या या व्यवस्थेला आपण नाव दिलं तेही गाडीचंच: गावगाडा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली आपल्या ग्रंथालाही हेच नाव दिलं. वंगणाचा नळा गाडीला लटकलेला, म्हणून गाड्याबरोबर नळ्याला यात्रा घडली. लोखंडी धावेनं मातीत जी खोल रेघ पाडली तिला आपण चाकोरी म्हणालो आणि मग माणसाच्या जगण्यालाही तोच शब्द लावला.

पण ही अरुंद धाव म्हणजे सुरीच. काळ्या रानात ती कापत खाली जायची. पक्क्या रस्त्यावर आली की रस्ता उखडायची. तिच्यावरचा उपाय दुसरीकडेच तयार होत होता. आयर्लंडमधल्या बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला रबरी टायर केला आणि 1888 साली त्याचं पेटंट घेतलं. हे डनलॉप पेशानं पशुवैद्य होते, ही त्यातली गमतीची गोष्ट. बंगालमध्ये सहागंजला त्यांच्या नावाच्या कंपनीचा कारखाना 1936 साली निघाला. बैलगाडीलाही हवेचे टायर आले. कुणी मोटारीचा जुना आख आणि जुनी चाकं घालून गाडी बनवली, आणि खेड्यापाड्यांत ‘टायरगाडी’, ‘डनलॉप गाडी’ हे शब्द रुळले.

आता सुरुवातीचे चार प्रश्न या टायरगाडीला विचारू. रुततं का? धावेपेक्षा कमी. वळतं का? बरं वळतं. ओढायला सोपं का? पुष्कळच सोपं, धक्का कमी बसतो, घर्षण कमी होतं. पण चौथा प्रश्न, ओझं कुणावर? इथं गंमत संपते.

ओढणं सोपं झालं तसा साटा मोठा झाला. दोन बैलांचं काम हलकं झालंच नाही. जे हलकं झालं ते लगेच उसानं भरलं. हे मी मनचं सांगत नाही, कायद्यातच लिहिलेलं आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं 1965 साली नियम केले. त्यात मध्यम बैलाच्या दुचाकी गाडीला साध्या चाकांवर 700 किलोंची मर्यादा घातली. हवेचे टायर असले तर 1050 आणि बॉल बेअरिंग बसवलेलं असलं तर 1400 किलो. चाक सुधारा आणि दुप्पट ओझं न्या! नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. सलग पाच तासांहून आणि दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, कडक उन्हात भर दुपारी जुंपू नका, हेही त्यांनीच लिहिलं. पण चाकाच्या सुधारणेतला नफा पूर्णपणे ओझ्याच्या खात्यात जमा झाला. बैलाच्या खात्यात काहीच पडलं नाही.

न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा असे साखर कारखाने उभे राहिले आणि बीड, नगरकडची तोडणी कामगार मंडळी हंगामाला आमच्या शिवारात येऊ लागली. त्यांची भाषा ऐकण्यासारखी आहे. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणायचं ‘कोयता’. आगाऊ घेतलेल्या पैशाला ‘उचल’. टोळ्यांची विभागणीही वाहतुकीवरून: ‘टायर सेंटर’, ‘गाडी सेंटर’, ‘डोकी सेंटर’. यातलं डोकी सेंटर म्हणजे चाकच नाही. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायचं. बायकाही चढतात. गिलगिटच्या वाटेवर मोटार उचलणारे हमाल आणि फळीवर चढणारी ही बाई यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. यंत्र जिथं थांबतं, तिथून गरिबाचं शरीर सुरू होतं.

बैलगाडीची दशा सुधारावी म्हणून कुणी विचारच केला नाही, असं नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकापासून हा विषय धरून ठेवला. देशात कोट्यवधी लोकांचं पोट ज्या वाहनावर चालतं, त्याकडे अभियंत्यांनी पाहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. जू बैलाच्या मानेला कसं काचतं, याकडे त्यांनी पुन्हा पुन्हा बोट दाखवलं.

आणि मग 2022 साली एक बातमी आली. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात राजारामनगरला राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी ऊस वाहणाऱ्या बैलगाडीसाठी एक जोडसाहित्य तयार केलं आणि त्याला ‘सारथी’ नाव दिलं. जुवाजवळ, दोन बैलांच्या मधोमध, दांडीखाली एक आधाराचं चाक. दुचाकी गाडीचा जो भार पुढे बैलांच्या मानेवर येतो, तो या तिसऱ्या चाकावरून जमिनीत जातो. बस्स, एवढंच. पण दगडी चाकापासून टायरपर्यंतच्या प्रवासात प्रत्येक नव्या चाकाला विचारलं गेलं ते एवढंच, ‘किती नेशील?’ या छोट्या चाकाला मात्र विचारलं गेलं, ‘कुणाची मान सोडवशील?’

यातही धोका आहेच. मान मोकळी झाली म्हणून साट्यावर आणखी दोन मोळ्या चढवल्या, तर या चाकाचंही टायरसारखंच होईल. बर्फातल्या मोटारसायकलीचं तसं नाही. पट्ट्यानं इंजिनाची ताकद खाल्ली, तर इंजिन गरम होईल, फार तर बंद पडेल. त्याला मान नाही, तिथली कातडी सोलवटत नाही. म्हणून त्या संचांची तुलना इंचांत आणि सीसीत करता येते. आपल्या गाडीची तुलना तेवढ्यावर भागत नाही.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. बेंदूर असो की आमच्याकडचा भादवी पोळा, आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. शिंगं रंगवायची ती दुसऱ्या दिवशी. आधी हळद आणि तेल-तूप लावून खांदा चोळायचा, कारण ओझं कुठं बसतं ते ठाऊक असतं. वर्षातून एका संध्याकाळी जे हाताला कळतं, ते वर्षभर साटा भरताना कळलं पाहिजे. आता पुष्कळ ऊस ट्रॅक्टरनं जातो, उद्या तोडणीची यंत्रंही वाढतील. चाकं बदलत राहतील. नवं चाक आलं की ते किती वाहून नेतं हे कारखाना पाहीलच. त्यानं कुणाच्या खांद्यावरचं किती उतरवलं, हे पाहायचं काम आपलं.

(नभोवाणी भाषणाचं संपादित रूप)