परवान्यावरचा तारा काय सिद्ध करतो?

अमेरिकेतल्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसा तारा दिसला, की ते ‘रिअल आयडी’, म्हणजे केंद्राच्या निकषांनुसार दिलेलं ओळखपत्र, समजावं. कॅलिफोर्नियात हा तारा सोनेरी अस्वलाच्या आकृतीत बसवलेला असतो. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासात लायसन्स दाखवणाऱ्यांकडे टीएसए ही विमानतळांवर तपासणी करणारी केंद्रीय यंत्रणा हा तारा मागू लागली आणि त्याभोवतीच्या दोन समजुती पक्क्या झाल्या. पहिली सर्वसाधारण अमेरिकन माणसाची: रिअल आयडीमुळे विमानप्रवास सुरक्षित झाला. दुसरी बरीचशी तिथल्या आपल्या भारतीय मंडळींची: रिअल आयडी म्हणजे ‘अमेरिकेचं आधार’, ते खिशात असलं की आपण कोण आणि इथे कोणत्या हक्काने राहतो हे कुणी विचारणार नाही. या दोन्ही समजुती तपासून पाहिल्या तर टिकत नाहीत. रिअल आयडीने विमानाच्या सुरक्षेत फारशी भर घातली नाही. गाडी चालवण्याचा परवाना मात्र वास्तव्याच्या कागदांना बांधून टाकला.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी पुरता ऐकून घेऊ. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या १९ जणांपैकी एक सोडून सगळ्यांनी अमेरिकेतलं कुठलं ना कुठलं ओळखपत्र मिळवलं होतं, त्यातलं काही फसवणूक करून. व्हर्जिनियात त्या काळी पत्त्याच्या पुराव्यासाठी लाइट बिल किंवा भाडेकरार लागतच असं नव्हतं. ‘हा इथे राहतो’ असं दुसऱ्या कुणी शपथेवर लिहून दिलं तरी भागत असे, आणि असा साक्षीदार पैसे मोजून मिळत असे. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने जुलै २००४ च्या अहवालात शिफारस केली, की जन्मदाखले आणि लायसन्स यांच्यासाठी केंद्र सरकारने निकष ठरवून द्यावेत. खोटं लायसन्स मिळणं अवघड केलं की दहशतवाद्याला विमानापर्यंत पोचणंही अवघड होईल, हा त्यामागचा तर्क. शिवाय एका राज्यात लायसन्स जप्त झालेला माणूस शेजारच्या राज्यात जाऊन दुसरं काढतो, त्यालाही आळा बसेल.

तर्क सरळ आहे, पण घडलेल्या गोष्टींशी त्याचा मेळ बसत नाही. हल्लेखोर व्हिसा घेऊन देशात आले होते आणि स्वतःच्या नावांनी वावरत होते. त्यांच्यापैकी नवाफ अल-हाझमी आणि खालिद अल-मिहधार ही नावं सीआयएला आधीपासून ठाऊक होती. ऑगस्ट २००१ मध्ये ती सरकारच्या संशयितांच्या यादीतही गेली. पण विमान वाहतूक खात्याच्या ‘नो फ्लाय’ यादीत त्या दिवशी अवघी १२ नावं होती आणि त्यांत हे दोघे नव्हते. प्रवाशांची छाननी करणाऱ्या संगणकाने तर १९ पैकी निम्म्याहून अधिक जणांवर बोट ठेवलं होतं. मात्र तेव्हाच्या पद्धतीत त्याचा परिणाम चेक-इन केलेल्या सामानापुरता होता, माणसाची त्यासाठी जादा झडती होत नसे. चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेणं नियमात बसत होतं. कॉकपिटचं दार लाथेने उघडण्याजोगं होतं. माणूस कोण आहे हे कळत होतं. त्याच्या खिशात काय आहे आणि त्याच्याविषयी सरकारच्या दुसऱ्या खात्याला काय माहीत आहे, हे कळत नव्हतं.

ही भोकं नंतर बुजवली गेली, पण लायसन्सने नव्हे. चाकूंवर बंदी आली. एप्रिल २००३ पर्यंत कॉकपिटची दारं मजबूत झाली. २००९ पासून ‘सिक्युअर फ्लाइट’ या व्यवस्थेत प्रवाशाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग आधीच सरकारकडे जातं आणि याद्यांशी ताडून पाहिलं जातं. त्याशिवाय बोर्डिंग पास निघत नाही. म्हणजे सुरक्षेची जी कामं खरोखर झाली, ती ताऱ्याची सक्ती येण्याआधी कितीतरी वर्षं झाली होती.

यावर एक रास्त आक्षेप येतो: समोरचा माणूस तोच आहे हे ठरल्याशिवाय याद्या तपासून काय उपयोग? मुद्दा बरोबर आहे, पण तो ओळखपत्राच्या बाजूचा आहे, ताऱ्याच्या नव्हे. तारा नसलेलं लायसन्सही तेच राज्य देतं, त्यावरही फोटो असतो, मागे बारकोड असतो, आणि विमानतळावरच्या यंत्राला तेही वाचता येतं. दोन्हींत फरक पडतो तो लायसन्स काढताना कोणते कागद दाखवले आणि कुठे पडताळले, एवढ्याचा.

हा कायदा झाला कसा, हेही पाहण्याजोगं आहे. आयोगाच्या शिफारशीनुसार डिसेंबर २००४ मध्येच एक कायदा झाला होता. राज्यांना चर्चेला बसवून लायसन्सचे निकष ठरवावेत, अशी त्यात सोय होती. पाच महिन्यांत ती रद्द झाली. विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी जिम सेन्सनब्रेनर यांचं रिअल आयडी विधेयक इराक-अफगाणिस्तान युद्ध आणि त्सुनामीग्रस्तांची मदत यांसाठीच्या तातडीच्या खर्चाच्या विधेयकाला जोडलं गेलं. सैनिकांचा आणि त्सुनामीग्रस्तांचा पैसा अडवायला कोण पुढे येणार? सिनेटमध्ये ते १०० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं आणि ११ मे २००५ रोजी अध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. त्याच कायद्यात आश्रय मागणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले गेले आणि सीमेवर कुंपण बांधताना आड येणारे इतर कायदे बाजूला ठेवण्याचा अधिकार होमलँड सिक्युरिटी खात्याच्या मंत्र्याला दिला गेला. सीमेवरच्या भिंतीसाठी तो अधिकार पुढे अनेकदा वापरला गेला. लायसन्सचं कलम या शेजारात बसलेलं आहे. हा कायदा विमानापेक्षा स्थलांतराविषयी अधिक बोलतो, हे त्याच्या मजकुरातच दिसतं.

मुदतींचा इतिहास तर पूर्वपक्षाला फारच अडचणीचा. मूळ मुदत होती ११ मे २००८. जानेवारी २००७ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून नकार दिला. पाठोपाठ इतर राज्यांनीही हात वर केले. मोंटानाने तर अंमलबजावणीला मनाई करणारा कायदाच केला. २००८ मध्ये त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी केंद्राला कळवलं, की आम्ही हा कायदा राबवणार नाही, पण आमची लायसन्स तशीही भक्कम आहेत. होमलँड सिक्युरिटी खात्याने ते पत्र मुदतवाढीचा अर्ज समजून घेतलं आणि न मागितलेली मुदतवाढ मंजूर करून टाकली! पुढे तारखा सरकतच राहिल्या: ऑक्टोबर २०२०, करोनामुळे ऑक्टोबर २०२१, मग मे २०२३, अखेर मे २०२५. ताऱ्याविना विमानं खरोखर असुरक्षित असती, तर कुठल्याही सरकारने सतरा वर्षं ती तशी उडू दिली नसती.

आणि आता तरी काय झालं? तारा नाही म्हणून माणूस विमानतळावरून परत जातो, असं नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून अशा प्रवाशाने ४५ डॉलर भरायचे. मग टीएसए दुसऱ्या मार्गाने त्याची ओळख पटवते आणि ते शुल्क १० दिवस चालतं. ओळख पटली नाही तर प्रवास अडतो, हे खरं. पण पटवण्याचा दुसरा मार्ग आहे, हे यातून सरकारनेच मान्य केलं. २००६ मध्ये ‘गिलमोर विरुद्ध गोन्झालेस’ या खटल्यात नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने विमानतळावरचं तेव्हाचं धोरण वैध ठरवलं, ते प्रवाशासमोर दोन पर्याय आहेत म्हणून: ओळखपत्र दाखवा किंवा अधिक कसून झडती द्या. झडती ओळखपत्राची जागा घेऊ शकते, तर विमानाचं रक्षण मुळात झडती करते, हे उघड आहे. आणि आपल्याकडून नातवंडांना भेटायला गेलेले आजी-आजोबा नुसत्या भारतीय पासपोर्टवर न्यू जर्सीहून टेक्सासला विनाअडथळा जातात, तर ओहायोत जन्मलेल्या, जुनं लायसन्स असलेल्या आजीला ४५ डॉलर मोजावे लागतात. यातून कोणता धोका टळला?

आता दुसरी समजूत. ‘अमेरिकेचं आधार’ म्हणणं ही वडाची साल पिंपळाला लावणं आहे. आधारचा क्रमांक एक केंद्रीय प्राधिकरण देतं आणि बोटांचे ठसे व बुबुळांची नोंद त्याच्याकडे असते. रिअल आयडी प्रत्येक राज्य आपापलं देतं, त्याला देशभर एकच असा क्रमांक नाही आणि कायदा बोटांचे ठसे मागत नाही. राज्यांनी आपली माहिती एकमेकांना इलेक्ट्रॉनिक मार्गाने खुली ठेवावी अशी अट मात्र आहे. राष्ट्रीय ओळखपत्राला विरोध करणाऱ्यांचा राग तिच्यावर आहे आणि तो अनाठायी नाही. गंमत अशी, की ज्या गुणासाठी आपण ही उपमा देतो, तो आधारमध्येही नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमानुसार आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. रिअल आयडीही नाही. ते ग्रीन कार्डवाल्याला मिळतं, एच-वन या नोकरीच्या व्हिसावरच्याला मिळतं, विद्यार्थ्यालाही मिळतं. नागरिकत्व दाखवणारं लायसन्स वेगळं असतं. त्याला ‘एन्हान्स्ड’ म्हणतात, त्यावर झेंडा असतो आणि ते मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या पाचच राज्यांत मिळतं.

हा भ्रम महागात पडू शकतो. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपला नोंदणीचा कागद, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा देशात प्रवेश केल्याची नोंद असलेला आय-९४ यांसारखा, कायम जवळ बाळगायचा असतो. ‘रिअल आयडी आहे ना’ म्हणून ग्रीन कार्ड घरच्या कपाटात ठेवणारा माणूस कायद्याच्या नजरेत चुकतोच.

मग तारा सिद्ध काय करतो? लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या, म्हणजे डीएमव्हीच्या, काउंटरवर ते नीट दिसतं. ओळख आणि जन्मतारखेचा एक कागद, सोशल सिक्युरिटी क्रमांक, कायदेशीर वास्तव्याचा पुरावा आणि पत्त्याचे दोन पुरावे. मुलाच्या घरी राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या आईच्या नावावर ना लाइट बिल असतं ना भाडेकरार. बँकेचं स्टेटमेंट तिच्या नावाने यावं यासाठी आधी खातं उघडण्यापासून तयारी. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या कागदांची तऱ्हा आणखी निराळी. एका कागदावर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, दुसऱ्यावर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. ही एकच बाई आहे हे पटवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर. हा त्रास आपल्यापुरता नाही. दोनदा लग्न झालेल्या अमेरिकन बाईला पहिलं लग्न, घटस्फोट, दुसरं लग्न अशी कागदांची अख्खी साखळी न्यावी लागते. पुरुषाच्या फायलीत ही साखळी सहसा नसते. नियम सर्वांना एकच असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

खरी मेख मात्र मुदतीत आहे. नागरिकाचं किंवा ग्रीन कार्डवाल्याचं लायसन्स राज्याच्या नियमाप्रमाणे कित्येक वर्षं चालतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाच्या रिअल आयडीची मुदत त्याच्या वास्तव्याच्या परवानगीबरोबर संपते. परवानगीला ठरीव शेवट नसेल तर एका वर्षात. ते तात्पुरतं असल्याचं लायसन्सवर छापलेलंही असतं. एच-वनचं एक्स्टेन्शन इमिग्रेशन खात्याकडे पडून असताना माणूस २४० दिवसांपर्यंत कायदेशीरपणे नोकरी करू शकतो. पण जुन्या मंजुरीची तारीख उलटली की लायसन्सचीही उलटते, आणि नुसत्या पावतीवर ते वाढवून मिळेल की नाही हे राज्या-राज्यांवर अवलंबून. बस नाही, लोकल नाही अशा उपनगरात लायसन्स गेलं म्हणजे ऑफिस, मुलांची शाळा, वाणसामान सगळंच अडतं. त्या माणसाचं गाडी चालवण्याचं कौशल्य काल होतं तेवढंच आजही आहे. फाइल दुसऱ्या खात्याच्या टेबलावर अडकली आहे, इतकंच.

रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी परवाना, या मूळ कल्पनेपासून ही गोष्ट फार दूर गेली आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्यांनाही लायसन्स द्यायला सुरुवात केली, ती याच मूळ कल्पनेला धरून: रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस परीक्षा दिलेला असावा. अशा लायसन्सवर ‘केंद्रीय कामांसाठी मर्यादा लागू’ अशा अर्थाची ओळ असते. गाडी चालवायला तेवढं पुरतं.

सिद्धान्त असा. एका माणसाला एकच लायसन्स आणि खोट्या कागदांना आळा, हे रिअल आयडीचं खरं यश आहे आणि ते मान्य करायला हवं. पण ते लायसन्सच्या कारभाराचं यश आहे, विमानाच्या सुरक्षेचं नव्हे. म्हणून व्यवहारात इतकंच पाहावं: पासपोर्ट रोज जवळ बाळगणं जोखमीचं वाटत असेल तर रिअल आयडी जरूर काढा, सोयीचं आहे, पासपोर्ट चालत असेल तर त्यावाचून काही अडत नाही, आणि परदेशी नागरिक असाल तर ते तुमच्या वास्तव्याच्या कागदाची जागा घेणार नाही. धोरणात मात्र मागणी याहून मोठी हवी. इमिग्रेशन खात्याकडे अर्ज रीतसर प्रलंबित असेपर्यंत त्या माणसाचं लायसन्स चालू राहावं, असा एक नियम सगळ्या राज्यांना लागू करता येईल. त्याने एकही विमान जास्त धोक्यात येणार नाही, कारण त्या माणसाला विमानात बसायला पासपोर्ट पुरतो. अडतं ते गाडी चालवायला, आणि गाडी कशी चालवतो याची परीक्षा त्याने केव्हाच दिलेली आहे.